आधी काटे, मग पाकळ्या

गुलाब काढायला बसलेला माणूस बहुधा मधूनच सुरुवात करतो. आधी गोगलगाईच्या शंखासारखं एक वळण, त्याभोवती एकेक पाकळी, खाली सरळ देठ, देठाला तीन टोकदार काटे आणि दोन्ही बाजूंना एकेक पान. लग्नपत्रिकेवर, ट्रकच्या पाठीवर, रांगोळीत, मेंदीत हाच गुलाब भेटतो आणि तो गुलाब आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. अडचण एवढीच, की असं झाड कुठल्या बागेत उगवत नाही. गुलाबाचं पान एकटं नसतं. एका दांड्यावर तीन, पाच, सात, कधी नऊ पर्णिका मिळून त्याचं एक पान होतं. (एकेरी पानाचा गुलाब जगात आहे, नाही असं नाही; इराणकडचा रोझा पर्सिका. पण तो पिवळा, पाच पाकळ्यांचा आणि मध्यभागी लाल डाग असलेला. लग्नपत्रिकेवरचा गुलाब तो नव्हे.)

वनस्पतीचित्रण या कलेची सुरुवात इथून होते. ज्याने ते झाड कधी पाहिलेलं नाही, त्याला चित्र पाहून ते रानात ओळखता आलं पाहिजे, ही तिची पहिली अट. चित्र सुंदर हवं ही दुसरी. दोन्ही अटी एकाच कागदावर पाळायच्या असतात आणि गुलाबाच्या बाबतीत त्या पाळणं सर्वांत कठीण, कारण गुलाबाचा सगळ्यात देखणा भाग हाच त्याच्या ओळखीच्या कामात सगळ्यात कमी भरवशाचा असतो. पाकळ्यांचा रंग ऊन, थंडी आणि फुलाचं वय यांप्रमाणे बदलतो. त्यांची संख्याही पक्की नसते. रानटी गुलाबाला साधारणपणे पाचच पाकळ्या असतात; बागेत निवडत, वाढवत आणलेल्या वाणांत पुंकेसरांच्या पाकळ्या होत जातात आणि पाचाच्या पन्नास, शंभर होतात. नीट पाहिलं तर भरगच्च गुलाबात अर्धी पाकळी, अर्धा केसर अशा अवस्थेतले अवयवही सापडतात. उलट काटे, पानाच्या बुडाशी चिकटलेली उपपर्णं, कळी झाकणारी पाच हिरवी संदलं आणि फुलाखालची फुगीर वाटी हे भाग सहसा कुणी बघत नाही. जातीची खरी साक्ष मात्र तेच देतात.

या कलेतलं सर्वांत मोठं नाव पिएर-जोसेफ रदूते. आज बेल्जियममध्ये असलेल्या सँ-उबेर गावी १७५९ साली चित्रकारांच्या घरात त्याचा जन्म झाला. पॅरिसमध्ये त्याला दोन गुरू मिळाले आणि या दोघांच्या शिकवणीचा जोड म्हणजेच ही कला, असं म्हणायला हरकत नाही. जेरार्ड व्हान स्पॅन्डाँक हा डच वळणाचा पुष्पचित्रकार. त्याच्याकडून जलरंग आले. शार्ल-लुई लेरितिए हा वनस्पतिशास्त्राचा व्यासंगी; त्याने रदूतेला फूल उलगडून, कापून बघायला शिकवलं. डच परंपरेतल्या फुलदाण्या अप्रतिम असतात, पण वेगवेगळ्या ऋतूंत फुलणारी फुलं त्यांत एकत्र नांदतात. चित्रकाराने ती वेगवेगळ्या महिन्यांत पाहून एका चित्रात आणलेली असतात. लेरितिएच्या टेबलावर ही सवलत नव्हती.

रदूतेचा ‘ले रोझ’ हा ग्रंथ १८१७ ते १८२४ या काळात तीस भागांत निघाला. १६९ गुलाबांची चित्रं त्याची, मजकूर क्लोद-आंत्वान थॉरीचा. ही सगळी चित्रं सम्राज्ञी जोसेफिनसाठी, तिच्या मालमेझाँच्या बागेत बसून काढली, असं कॅलेंडरांच्या मागच्या पानावर हमखास छापलेलं असतं. जोसेफिन रदूतेची मोठी आश्रयदाती होती आणि तिला गुलाबांचं वेड होतं, हे खरंच. पण तिचं निधन १८१४ सालचं. ग्रंथाचा पहिला भाग त्यानंतर तीन वर्षांनी आला आणि त्यातले गुलाब पॅरिसच्या परिसरातल्या इतर बागांमधूनही आलेले आहेत.

त्याच्या अठरा-वीस वर्षं आधी लंडनमध्ये मेरी लॉरन्स या चित्रकर्तीने नव्वद गुलाबांचा एक ग्रंथ काढला होता. १७९६ ते १७९९ मधलं ते काम केवळ गुलाबांना वाहिलेल्या चित्रग्रंथांत अगदी पहिल्यांपैकी. पण त्यात चित्रं आणि नावं यांपलीकडे वाचण्यासारखं फारसं नाही. रदूतेच्या चित्रासमोर थॉरीचं वर्णन असतं आणि वाचकाला दोन्ही ताडून पाहता येतात. वर्णनात ग्रंथी असतील तर चित्रातही त्या दिसायला हव्यात. दोन माणसांनी एकमेकांवर ठेवलेली ही नजर त्या ग्रंथाला आजवर पुरली आहे.

छपाईची गोष्टही शिकणाऱ्याने जाणून घ्यावी अशी. तेव्हाच्या तांब्याच्या पत्र्यावर साधारणपणे रेघांनी कोरलं जाई. रेघांनी पाकळी कोरली की ती कापडाच्या घडीसारखी दिसते. रदूतेच्या कारागिरांनी रेघांऐवजी बारीक ठिपके कोरले. दाट ठिपके म्हणजे सावली, विरळ ठिपके म्हणजे उजेड, आणि मध्ये कुठेही काठ नाही. मग एकाच पत्र्यावर चिंध्यांच्या लहान बोळ्यांनी वेगवेगळे रंग भरायचे, एक छाप काढायचा, पत्रा पुसून पुन्हा रंग भरायचे. शेवटी प्रत्येक छापावर हाताने जलरंगाचा हात फिरवायचा. आजही पेन्सिलने पाकळीची छाया दाखवताना रेघा मारण्याऐवजी टोकदार पेन्सिलने ठिपके आणि अगदी हलकी घासणी वापरली, तर पाकळीचा मऊपणा टिकतो.

या फ्रेंच ग्रंथात भारतातला एक गुलाब आहे. रोझा क्लिनोफिला. पांढरा, पाच पाकळ्यांचा, पाणथळ जागी, नदी-तळ्यांच्या काठी वाढणारा, मुळांशी पाणी साचलं तरी तग धरणारा. कलकत्त्याच्या बागेतल्या रॉक्सबर्गने त्याला ‘इन्व्होल्युक्रेटा’ म्हटलं होतं, कारण फुलाच्या खाली पानांसारख्या छदांचं वेटोळं असतं. ते नाव जॉन लिंडलीच्या १८२० सालच्या गुलाबांवरच्या ग्रंथात आलं. पण थॉरीने दिलेलं क्लिनोफिला हे नाव ‘ले रोझ’मध्ये १८१७ सालीच छापून झालं होतं, म्हणून ते टिकलं. जुन्या नावांचा वाद निघाला तर नमुना म्हणून वाळवलेल्या फांदीच्या जागी एखादं चित्रही धरता येतं, ही वनस्पतिशास्त्रातली सोय आहे. नव्या प्रजातींसाठी मात्र १ जानेवारी २००७ पासून प्रत्यक्ष नमुनाच लागतो. वनस्पतीचित्राला न्यायालयातल्या पुराव्यासारखं उभं राहावं लागतं ते अशा वादांमुळे.

हाती कुंचला घेण्याआधी नवख्या चित्रकाराने एक आठवडा नुसतं बघण्यात आणि मोजण्यात घालवावा. त्यासाठी फूलबाजारातली गड्डी कामाची नाही. पॉलिहाऊसमधला गुलाब कळीतच कापलेला असतो, खालची पानं आणि काटे काढलेले असतात, फांदीची वाढ कशी होती ते कळत नाही, फळाचा तर प्रश्नच नाही. म्हणजे ओळखीचे सगळे पुरावे आधीच साफ झालेले. त्यापेक्षा अंगणातला गावठी गुलाब बरा. तो फार भरगच्च नसला तर मधले पिवळे केसरही दिसतात. महाराष्ट्रात पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात छाटणी केली की साधारण दीड-दोन महिन्यांनी चांगला बहर येतो. डिसेंबर-जानेवारीतली फुलं थंडीमुळे जास्त वेळ टिकतात. या कामाला तोच हंगाम.

पहिली पाहणी काट्यांची. लिंबाचा किंवा बोगनवेलीचा काटा म्हणजे रूप बदललेली फांदी. तो पानाच्या बगलेतून येतो आणि आतल्या लाकडाशी जोडलेला असतो. गुलाबाचा काटा हा सालीवरचा उगवा. अंगठ्याने आडवा दाबला की तो कट्‌कन निघतो आणि मागे एक स्वच्छ लंबगोल वण राहतो. म्हणून तो दोन पेरांमध्ये कुठेही येऊ शकतो; चित्रात प्रत्येक पानाच्या बुडाशी नेमाने एकेक काटा काढणं ही चूक ठरते. अर्थात काही जातींत काटे खरोखरच पानाखाली जोडीने असतात, तेव्हा ते तसेच दाखवायचे. काटा सरळ आहे की पोपटाच्या चोचीसारखा वळलेला, त्याचं बूड रुंद आहे की बारीक, सगळे एका मापाचे आहेत की मोठ्या काट्यांमध्ये केसांसारखे बारीक काटे मिसळले आहेत, हे टिपून ठेवावं. हिमालयातल्या रोझा सेरिसियाच्या एका प्रकाराचे कोवळे काटे पंखासारखे रुंद, लाल आणि पारदर्शक असतात; उजेड त्यांच्यातून आरपार येतो. याच जातीच्या फुलाला बहुधा चारच पाकळ्या असतात.

मग पान. पर्णिका मोजाव्यात, पण एकाच पानाच्या नव्हे, दहा पानांच्या. फुलाजवळच्या पानाला कमी असतात. कडेचे दाते एकेरी आहेत की दातावर दात, पान वरून चकचकीत आहे की सुरकुतलेलं, पाठीमागे लव आहे का, हे बोटाने आणि भिंगाने तपासावं. दांडा जिथे फांदीला मिळतो तिथे दोन्ही बाजूंना चिकटलेली हिरवी पट्टी दिसते. ती उपपर्णं. रोझा मल्टिफ्लोराची उपपर्णं कंगव्याच्या दात्यांसारखी झालरदार असतात. ही माहिती चित्रकाराइतकीच बागवानालाही उपयोगी आहे. नर्सरीत डोळा भरून केलेल्या कलमाचा खुंट पुष्कळदा मल्टिफ्लोराचा असतो. कलमाच्या सांध्याखालून जोमदार फुटवा आला आणि त्याच्या पानांच्या बुडाशी अशी झालर दिसली, की खुंट वर आला हे फूल येण्याआधीच कळतं.

पाहण्यातली सगळ्यात मजेदार गोष्ट कळीपाशी आहे. युरोपात गुलाबावर एक जुनं कोडं आहे: पाच भाऊ, दोघांना दाढी, दोघांना नाही, आणि पाचव्याला एकाच गालावर. हे पाच भाऊ म्हणजे पाच संदलं. कळीत ती एकमेकांवर चढलेली असतात. दोन पूर्ण बाहेर, दोन पूर्ण आत, आणि एक अर्धं बाहेर अर्धं आत. जी कड बाहेर उघडी राहते तिलाच बारीक फाटे फुटतात. सगळ्या गुलाबांत हे दिसत नाही, काहींची संदलं पाचही साधी असतात. पण दमास्क, गॅलिका, सेंटिफोलिया अशा जुन्या बागायती गुलाबांत ते स्पष्ट दिसतं. चित्रात पाचही संदलांना सारखे फाटे काढले, तर जाणकाराची नजर पहिल्यांदा तिथेच अडखळते.

शेवटी एक फूल बळी द्यावं लागतं. धारदार ब्लेडने त्याचे देठासकट उभे दोन भाग केले की आतली वाटी दिसते. त्या वाटीच्या आत केसाळ, टणक दाणे बसलेले असतात. आपण ज्याला गुलाबाचं फळ म्हणतो ती पिकलेली वाटी. शास्त्राच्या दृष्टीने खरी फळं म्हणजे आतले दाणे. वाटीच्या तोंडातून स्त्रीकेसरांच्या काड्या बाहेर येतात. त्या सुट्या असतात की एकत्र येऊन त्यांचा एक खांब झाला आहे, यावर गुलाबांचा अख्खा गट ठरतो. मल्टिफ्लोरात आणि हिमालयातल्या रोझा ब्रुनोनीत तो खांब दिसतो. अर्धं कापलेलं हे फूल दुप्पट-तिप्पट मोठं करून चित्राच्या खालच्या कोपऱ्यात काढतात आणि किती पट मोठं केलं ते बाजूला लिहितात. फळ हवं असेल तर दोन-तीन फुलं सुकल्यावर खुडायची नाहीत आणि काही महिने थांबायचं. खुडण्याची सवय लागलेल्या बागवानाला हे जड जातं.

आता कागद. वनस्पतीचित्र शक्यतो प्रत्यक्ष मापाचं असतं, म्हणून शाळेच्या कंपासपेटीतला डिव्हायडर हे इथलं सगळ्यात मोलाचं हत्यार. फूल सकाळी लवकर कापून खोल पाण्यात ठेवावं आणि सगळ्यात आधी तेच काढावं. उमलणारी कळी तासाभरात आपली आकृती बदलते, पानं दोन दिवस थांबतात, काटे आठवडाभर. म्हणजे बघताना काटे आधी, काढताना फूल आधी. हा उलटा क्रम सुरुवातीला गोंधळात टाकतो. पण आठवडाभर मोजमाप झालेलं असलं की फूल काढणारा हात अडखळत नाही. रात्री फांदी फ्रिजमध्ये, फळांपासून दूर ठेवली तर आणखी एक दिवस मिळतो. मोबाइलवर फोटो जरूर काढावा, पण तो आठवणीपुरता; जवळून घेतलेल्या फोटोत पुढची पाकळी फुगते आणि मागची आक्रसते.

रेखाटनाची पहिली रेघ पाकळीची नको. फुलाच्या मध्यातून, वाटीतून, देठातून जाणारी एक अदृश्य मधली रेघ हलक्या हाताने काढून घ्यावी. फूल तिरकं असलं की ही रेघही वळते. असंख्य गुलाबचित्रांत फूल देठावर नंतर चिकटवल्यासारखं दिसतं, त्याचं कारण ही रेघ चुकलेली असते. रेखाटन आधी साध्या कागदावर करून, खोडून, सुधारून मग ट्रेसिंग पेपरने चांगल्या कागदावर उतरवावं. चांगला कागद म्हणजे गुळगुळीत, हॉट प्रेस, सुती, चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा. कोकणात आणि मुंबईत तो पावसाळ्यात बंद डब्यात ठेवावा. दमट हवेने कागदावरचा लेप बिघडला की रंग टीपकागदावर पडल्यासारखा शोषला जातो, आणि हे पहिला हात मारल्यावरच कळतं.

रंगांत एक धोका सांगायलाच हवा. लाल गुलाबासाठी बरेच जण अलिझरिन क्रिमझन घेतात. रंग देखणा आहे, पण अस्सल अलिझरिन उजेडात फिकट होत जातो. ट्यूबच्या मागे रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलेला असतो. पीआर ८३ असेल तर ती ट्यूब सरावासाठी ठेवावी आणि टिकवायच्या चित्राला पीव्ही १९ असलेला गुलाबी घ्यावा. तयार हिरवा रंगही टाळलेला बरा. निळ्या-पिवळ्यातून हिरवा करून त्यात गुलाबाचाच लाल थोडा मिसळला, की पान आणि फूल एकाच झाडाची वाटतात. गुलाबाचे कोवळे फुटवे नाहीतरी तांबूसच असतात. पांढरा रंग शक्यतो वापरायचा नाही, उजेडाच्या जागी कागद कोरा सोडायचा. परंपरेने उजेड डावीकडून वरून येतो. आणि पार्श्वभूमी कोरीच.

फूल कोमेजेपर्यंत रंगवून झालं नाही तर? फर्डिनांड बॉअर हा ऑस्ट्रियन चित्रकार १८०१ मध्ये कप्तान फ्लिंडर्सच्या जहाजातून ऑस्ट्रेलियाच्या सफरीवर गेला, तेव्हा त्याला हाच प्रश्न होता. त्याने प्रत्येक छटेला एक आकडा दिला होता आणि ते आकडे जवळजवळ हजारापर्यंत पोहोचले. जागेवर नुसतं पेन्सिलचं रेखाटन करायचं, प्रत्येक भागावर आकडे लिहायचे आणि पुढे घरी आल्यावर त्यांवरून रंग भरायचे. हजार छटांची गरज कुणालाच नाही; पण कागदाच्या एका पट्टीवर ताज्या फुलाशेजारी धरून जुळवलेले दहा-बारा रंग आणि त्यांचं मिश्रण लिहून ठेवलं, तर चौथ्या दिवशी आठवणीवर विसंबावं लागत नाही.

चित्राखाली काय लिहायचं, याचा धडा पुण्याजवळच मिळतो. दापुरीला, म्हणजे आजच्या दापोडीत, कंपनी सरकारची एक वनस्पतीबाग होती. तिचा प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन याने १८४७ ते १८५० या काळात तिथल्या झाडांची दीडशेहून अधिक चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात आहेत, ‘दापुरी चित्रं’ म्हणून अभ्यासकांत प्रसिद्ध आहेत, त्यांवर स्वतंत्र ग्रंथही निघाला आहे. चित्रकार मात्र अनामिक राहिला. गिब्सनचं नाव, बागेचं नाव, झाडांची नावं सगळी राहिली.

तेव्हा कागदाच्या खालच्या कडेला पेन्सिलने वाणाचं नाव लिहावं, माहीत नसेल तर ‘गावठी, नाव अज्ञात’ एवढं तरी. मग गाव आणि बाग, फांदी कापल्याची तारीख, मोठं करून काढलेल्या भागांची पट, आणि चित्रकाराचं पूर्ण नाव. ज्या फांदीवरून चित्र काढलं ती फेकून न देता वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये पसरून जड पुस्तकांखाली दाबावी. पहिले काही दिवस कागद रोज बदलावे, नाहीतर बुरशी धरते. वाळली की जाड कागदावर चिकटवून तिच्यावरही तीच तारीख घालावी.